वादळात छप्पर गेलं: डागडुजी करायची की नवं घालायचं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात किनाऱ्याला लागलं तेव्हा पावसाळा तोंडावर होता. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गुजरातेत गेलं. दोन्ही वेळी कोकणातल्या कौलारू घरांपुढे एकच प्रश्न होता: आहे ते छप्पर सावरायचं, की सगळं उतरवून नवं घालायचं? आणि दोन्ही वेळी बऱ्याच घरांत तो प्रश्न बाजारानेच सोडवला. पत्रे मिळाले त्यांनी पत्रे घातले, सुतार मिळाला त्यांनी कौलं परतून घेतली. घाईत घेतलेला असा निर्णय पुढची वीस वर्षं घर सोसत राहतं, म्हणून तो कसा घ्यावा हे नीट क्रमाने सांगतो.

एक गोष्ट आधीच पक्की धरा. किती कौलं फुटली यावरून हा निर्णय होत नाही. खालचं लाकूड कसं आहे आणि ते भिंतीला कसं धरलेलं आहे, यावरून होतो. सहाशे कौलं फुटली पण वासे (उतारावरची तिरकी लाकडं) आणि तुळया (त्यांना पेलणारी आडवी लाकडं) ठणठणीत असतील, तर ते काम डागडुजीचं. पन्नासच कौलं गेली पण वासे भिंतीवरच्या बैठकीतून हलले असतील, तर ते छप्पर पुढच्या वादळाची वाट बघतंय.

पहिले दोन-तीन दिवस: फक्त बचाव

घराचा मेन स्विच बंद करा. माळ्यावरून, वाशांवरून वायरिंग गेलेलं असतं आणि ओल्या लाकडातूनही झटका बसतो. अंगणात तार तुटून पडली असेल तर महावितरणचा माणूस येऊन सांगेपर्यंत तिच्या जवळ कोणी जायचं नाही.

मग वर चढण्याआधी फोटो. चारही बाजूंनी पूर्ण घर, आतून प्रत्येक खोलीचं छत, हललेले सांधे, फुटक्या कौलांचा ढीग, भिजलेलं सामान. फुटकी कौलं लगेच फेकू नका, एका कडेला रचून ठेवा. पंचनाम्याला आलेल्या माणसाला झाडलोट झालेलं अंगण दिसलं तर तो नुकसान किती आणि कसं लिहिणार?

ताडपत्री घालताना दगड ठेवून काम भागवू नका. वारा आला की ताडपत्री जाते आणि दगड कौलांवर गडगडतात. ताडपत्री आढ्याच्या (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडाच्या) पलीकडे किमान तीन-चार फूट जायला हवी, म्हणजे पाणी वरून आत शिरत नाही. तिच्या कडेत एक रिप (कौलं अडकवायची लाकडी पट्टी) गुंडाळून ती रिप खालच्या वाशाला तारेने बांधा. खिळे थेट ताडपत्रीत मारले की त्याच भोकापासून ती फाटते.

शेवाळलेल्या कौलांवर पाऊस चालू असताना चढू नका. सिमेंटच्या पत्र्यावर तर उघड्या पायाचाही भार देऊ नका. तो वाकत नाही, एकदम तुटतो. खालच्या आडव्या लाकडांवर आडव्या फळ्या टाकून फळीवरूनच सरका. वादळात वाचलेली माणसं नंतर छपरावरून पडून जायबंदी होतात, हे कोकणात फार वेळा झालेलं आहे.

वारा छप्पर दाबत नाही, उचलतो

तपासणी कुठे करायची हे कळायला एवढं समजून घ्यायला हवं. वारा आढ्यावरून पलीकडे जाताना पलीकडच्या पाख्यावर (छपराच्या उतारावर) ओढ निर्माण करतो. त्यामुळे वारा ज्या बाजूने आला तिच्या उलट बाजूची, आढ्याजवळची, कोपऱ्यांतली आणि वळचणीची (भिंतीबाहेर आलेल्या खालच्या कडेची) कौलं आधी जातात. त्यात समोरचं दार किंवा खिडकी वाऱ्याने उघडली तर वारा घरात शिरून छप्पर खालूनही ढकलतो.

आकड्यांत सांगायचं तर निसर्गच्या वेळी किनाऱ्यावर वारा ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० पर्यंत होते. ताशी ११० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर दर चौरस मीटरला साधारण ५५ किलोच्या घरात जातो. मंगलोरी कौलांचं वजन दर चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास. म्हणजे पाख्याच्या मधल्या भागात कौलं आपल्या वजनानेच बरीचशी टिकतात आणि कडांना, जिथे ओढ जास्त, तिथे उडतात. हा आकडा लक्षात ठेवा, पत्र्यांचा विषय निघेल तेव्हा तो पुन्हा लागणार आहे.

लाकडाची तपासणी

याला अर्धा दिवस द्या. सोबत टॉर्च, एक जाड स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी आणि लांब दोरी घ्या. सुतार बरोबर असेल तर उत्तम, पण स्क्रू ड्रायव्हर स्वतःच्या हातात ठेवा.

आधी आढं. दोन्ही टोकांना दोरी ताणून धरा आणि मधे आढं दोरीपासून किती खाली आलंय ते मोजा. जुन्या घरात थोडा झोल असतोच आणि तो वर्षानुवर्षं स्थिर असतो. वीस फुटांत इंच-दीड इंच असेल आणि सांधे घट्ट असतील तर मी तो तसाच ठेवीन. तीन-चार इंच असेल, किंवा झोलाजवळ लाकडाला ताजी चीर दिसत असेल, तर आढं बदलायलाच हवं. ताजी चीर ओळखणं सोपं आहे: आतलं लाकूड उजळ दिसतं, धूळ आणि कोळिष्टक नसतं.

नंतर वाशांची टोकं. सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कमी पाहिली जाणारी जागा हीच. वासा भिंतीवरच्या आडव्या लाकडावर टेकतो तिथे पाणी मुरतं, भिंतीतल्या चिऱ्याची (जांभ्या दगडाची) ओल येते आणि वाळवी भिंतीतून थेट वर चढते. टॉर्च तिरका धरून बघा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. पिठासारखा भुसा पडलेला असेल आणि बारीक गोल भोकं असतील तर भुंगा आहे. हातोडीने टोकापासून वरपर्यंत ठोकत जा. भरीव लाकूड खणखणीत वाजतं, पोखरलेलं बदबद वाजतं. जिथे आवाज बदलला तिथे स्क्रू ड्रायव्हर दाबा. आईन, किंजळ किंवा सागाच्या चांगल्या वाशात तो पाव इंचही जात नाही. अर्धा इंच सहज गेला तर त्या वाशाचं तेवढं टोक मेलं.

टोक मेलं म्हणजे पूर्ण वासा गेला असं नाही. दीड-दोन फुटांपर्यंत खराब असेल तर बाजूला तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा लावून, चांगल्या भागावर किमान तीन फूट चढवून, बोल्टने आवळता येतो. खिळ्यांनी नाही, बोल्टनेच. त्याहून वर गेलं असेल तर वासा बदला.

त्याच जागी आणखी एक खूण शोधा. वासा पूर्वी जिथे बसलेला होता तिथे लाकडाचा रंग वेगळा असतो. तो पट्टा उघडा पडलेला दिसला तर वादळाने वासा उचलून पुन्हा खाली टेकवलेला आहे. बाहेरून असं छप्पर अगदी जागेवर वाटतं. असे तीन-चार वासे एका ओळीत सापडले तर तो कौलांचा प्रश्न राहिला नाही.

रिपा शेवटी. त्या स्वस्त असतात, भराभर बदलता येतात, त्यांच्यावर निर्णय अडवू नका. भिंती मात्र बघा. वाशाखालच्या चिऱ्यांना आडवी भेग असेल, किंवा भिंतीचा माथा बाहेर कललेला असेल, तर छपराआधी भिंतीचं काम येतं.

हिशेब

समजा घर ३० बाय ४० फूट आहे आणि वळचण चारही बाजूंना दोन फूट. वरून पाहिलं तर ३४ बाय ४४, म्हणजे १,४९६ चौरस फूट. उतार ३० अंशांच्या आसपास असेल तर याला १.१५ ने गुणा: साधारण १,७२० चौरस फूट छप्पर. शंभर चौरस फुटाला १५० च्या आसपास कौलं धरली तर घरावर सुमारे २,६०० कौलं.

आता वासे मोजा: एकूण किती, टोक जोडायचे किती, पूर्ण बदलायचे किती. माझा ठोकताळा असा आहे. पूर्ण बदलायचे वासे पाचातला एक किंवा त्याहून कमी असतील, आढं आणि तुळया शाबूत असतील, तर डागडुजी करा. मग कौलं निम्मी फुटलेली असली तरी चालेल. तीनातला एक वासा बदलावा लागत असेल तर सगळी कौलं उतरवावीच लागतात, सुताराचे दिवस जवळजवळ तेवढेच लागतात, आणि तेव्हा नवं छप्पर घालणंच शहाणपणाचं. मधल्या घरांत घराचं वय आणि हातातला पैसा ठरवतो. एक सोय विसरू नका: एक पाखं बदलून दुसरं ठेवता येतं. पडवीचं छप्पर तर बहुतेक वेळा वेगळंच हाताळावं.

दोन्ही पर्यायांचे अंदाज लेखी घ्या. त्यात कौलं उतरवणं, लाकूड, रिपा, मजुरी, वाहतूक आणि कचरा हलवणं वेगवेगळं लिहिलेलं असू द्या. नवं घालण्याच्या खर्चाच्या निम्म्याच्या वर डागडुजी जात असेल तर पुन्हा विचार करा.

डागडुजी ठरली तर

फुटक्याच्या जागी कौल सरकवलं की काम झालं, असं समजू नका. दुकानात जाताना आपल्या घरावरचं एक शाबूत कौल हातात घेऊन जा. मंगलोरी कौल म्हणजे एकच माप नव्हे. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला, त्यानंतर किनारपट्टीवर असे अनेक कारखाने झाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा राहिला. गुजरातेतल्या मोरबीकडची कौलं तर आणखी वेगळी पडतात. खाचेत खाच बसली नाही तर दोन कौलांच्या मधून पाऊस आत येतो. जुळत नसतील तर एक युक्ती करा: एका पाख्यावरची सगळी शाबूत जुनी कौलं गोळा करून दुसरं पाखं पूर्ण करा आणि रिकाम्या पाख्यावर सगळी नवी घाला. फक्त नव्या कौलांच्या मापाने तिथल्या रिपांमधलं अंतर पुन्हा लावून घ्या.

आसपास कुठे जुनं घर उतरवत असतील तर तिथली कौलं जरूर बघा, चांगली भाजलेली जुनी कौलं आजच्या कित्येक कौलांपेक्षा टिकाऊ आहेत. बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत आवाज हवा. शंका असेल तर कोरडं कौल तोला, एक दिवस पाण्यात बुडवून पुन्हा तोला. वजन पाचव्या हिश्शाहून जास्त वाढलं तर ते कौल कोकणाच्या पावसाला उपयोगाचं नाही.

आता खरं काम. कौलाच्या मागच्या बाजूला, रिपेवर अडकणाऱ्या कानाजवळ बहुतेक कौलांना एक भोक असतं. ते तार ओवायलाच ठेवलेलं असतं आणि बहुतेक घरांत ते रिकामंच असतं. सगळी कौलं बांधायची गरज नाही. वळचणीच्या खालच्या दोन ओळी, आढ्याखालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांच्या दोन-दोन ओळी जस्ताच्या तारेने रिपेला बांधून घ्या. आढ्यावरचे कोने (आढं झाकणारी कौलं) चुन्यात किंवा सिमेंटमध्ये पक्के करा, पण सिमेंट पातळ लावा. जाड थराला उन्हाने भेगा जातात आणि त्यातूनच पाणी उतरतं.

वासे भिंतीला बांधायचंही याच वेळी. जुन्या चिऱ्याच्या आणि मातीच्या भिंतीत वरच्या थराला खिळा ठोकून काही होत नाही, वारा तो चिराच उचलतो. लोखंडी पट्टी किंवा जाड सळी भिंतीत तीन-चार थर खाली नेऊन तिथे आडवी अडकवावी आणि वर वाशाला बोल्टने घ्यावी. दर वाशाला जमलं तर उत्तम, नाहीतर एकाआड एक, कोपऱ्यांतले मात्र सगळे.

नवं ठरलं तर

लाकूड नवं घालून पुन्हा कौलं, की लोखंडी पाइपचा सांगाडा आणि पत्रे? याचा निर्णय फक्त किमतीवर घेऊ नका. वर काढलेल्या घराचंच उदाहरण घ्या. २,६०० कौलांचं वजन साडेसहा टनांच्या आसपास. तेच छप्पर अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं केलं तर पाऊण टन. साडेसहा टन छप्पर जागेवर धरून ठेवत होते, ते तुम्ही काढून टाकलेत. आता वादळाची कित्येक टनांची ओढ फक्त स्क्रू, वेल्डिंग आणि भिंतीतल्या पकडीवर येणार. जुन्याच वाशांवर, भिंतीला काहीही न बांधता पत्रे ठोकणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे, आणि वादळानंतर घाईत सर्वाधिक केला जातो तोही हाच.

पत्रेच घालायचे असतील तर भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी काँक्रीटचा सलग पट्टा ओतून घ्या आणि त्यात ओततानाच बोल्ट ठेवा. सांगाडा त्या बोल्टांवर बसवा. समुद्राजवळ लोखंड वेल्डिंगच्या जागी आधी गंजतं, तिथे घासून जस्ताचा रंग द्या, नुसत्या लाल रंगावर भागत नाही. पत्रा ०.३५ मिलिमीटरचा स्वस्त पडतो, पण वाऱ्यात तो स्क्रूभोवती फाटून निघतो. स्क्रू जागेवर राहतो आणि पत्रा जातो. ०.५० च्या आसपासचा, जस्त-अॅल्युमिनियमचा थर असलेला घ्या.

स्क्रू मारताना समोर उभे राहा. स्क्रूखालचा काळा रबरी वॉशर किंचित दबून लोखंडी चकतीच्या कडेला जेमतेम दिसला पाहिजे. बाहेर फुगून आला तर तो जास्त आवळलाय, दोन उन्हाळ्यांत त्याला चिरा जातील आणि गळती सुरू होईल. चकती हाताने फिरत असेल तर सैल आहे. वळचण, आढं आणि कडा इथे स्क्रू दुप्पट हवेत.

सिमेंटचे जुने पत्रे काढायचे असतील तर सांभाळून. त्यांतल्या बऱ्याच पत्र्यांत अॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. पत्रे पाण्याने भिजवा, न फोडता सबंध उतरवा, कटर लावू नका, तोंडाला चांगला मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

नव्या छपराच्या आकारात हात घालता येत असेल तर दोन गोष्टी करा. दुपाख्यापेक्षा चौपाखी छप्पर वाऱ्यात जास्त टिकतं, कारण वाऱ्याला उभी सपाट भिंत मिळत नाही. आणि पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून सुटं ठेवा. पडवी खालून उघडी असल्यामुळे आधी तीच उडते. सलग वासे असतील तर ती जाताना घराचं छप्परही ओढून नेते.

लाकूड आणि कौलांचा पर्याय मला आजही किनाऱ्यालगतच्या जुन्या चिरेबंदी घरांसाठी योग्य वाटतो. घर गार राहतं, पावसाचा आवाज नाही, आणि एक कौल फुटलं तर एकच बदलावं लागतं. वादळात पडलेल्या स्वतःच्या फणसाचं किंवा आईनाचं लाकूड वापरायचं असेल तर कापून, सावलीत रचून निदान एक हंगाम वाळू द्या. ओला वासा चढवला की वर्षभरात पिळतो आणि कौलांच्या खाचा उघडतात. झाड तोडायला किंवा लाकूड हलवायला परवानगी लागते का, ते आधी वनखात्याकडे विचारा.

पंचनामा, विमा आणि भाऊबंद

तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात तेव्हा घरी कोणीतरी असू द्या. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्राच्या निकषांत पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड असेल तर ६,५०० रुपये, कच्च्याला ४,०००, आणि पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आहेत. निसर्गनंतर राज्याने वाढीव दराने मदत दिली होती, त्यामुळे त्या वेळचा शासन निर्णय काय म्हणतो ते बघा. पंचनाम्यात नुसतं ‘कौले फुटली’ एवढंच लिहू देऊ नका. हललेले वासे, तुटलेलं आढं, भेगाळलेली भिंत, सगळं दाखवा आणि लिहायला लावा. १५ टक्क्यांची रेघ याच नोंदींवर ओलांडली जाते.

घराचा विमा असेल तर काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवा. भारत गृह रक्षा या विमा योजनेत वादळाचं नुकसान धरलेलं आहे. पाणी अडवण्यापुरती ताडपत्री घाला, पण सर्वेक्षक बघून जाईपर्यंत सांगाडा उतरवू नका.

घर सामायिक असेल, घरपत्रकावर अजून आजोबांचं नाव असेल आणि निम्मे हिस्सेदार मुंबईत असतील, तर मदत कोणाच्या खात्यात येणार हे पंचनाम्याच्या दिवशीच ठरवून सगळ्यांची लेखी संमती घ्या. छपराचा प्रकार किंवा उंची बदलणार असाल तर ती संमती काम काढण्याआधी हवीच, आणि ग्रामपंचायतीतही विचारून घ्या.

काम कधी काढायचं

मे-जूनमध्ये वादळ आलं तर पूर्ण छप्पर पावसाआधी बदलण्याचा हट्ट धरू नका. त्या पंधरवड्यात माल महाग असतो, हाताला लागेल तो सुतार घ्यावा लागतो, आणि अर्धं उघडं घर पावसात सापडलं तर भिंतीही जातात. तात्पुरती डागडुजी करून पावसाळा काढा: मेलेल्या वाशांना खालून टेकू, मिळतील ती कौलं, कडांना तार. दिवाळीनंतर लाकूड कोरडं असतं, कारागीर निवांत भेटतात आणि भावही उतरलेले असतात. तात्पुरत्या कामावर पुढे वाया जाणारा खर्च मात्र करू नका. कौलं आणि तार पुन्हा वापरता येतात, घाईत घेतलेला पातळ पत्रा नाही.

सुताराला किंवा ठेकेदाराला पैसे टप्प्याने द्या: थोडे मालासाठी, मग सांगाडा उभा राहून बोल्ट आवळल्यावर, मग कौलं किंवा पत्रे चढल्यावर. सांगाड्याचा हप्ता देण्याआधी स्वतः शिडीवर चढून प्रत्येक वाशाची भिंतीशी असलेली पकड हलवून बघा, कारण एकदा वर कौलं चढली की ती जागा दिसत नाही. दहा-पंधरा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायची, हे सुरुवातीलाच लिहून घ्या.